दोघांच्या नावचा करार

ता. १२ नोव्हेंबर १९०४, जुन्नर
हातकागद करणारा रहिमानभाई कागदी आज माझ्या शाळेत आला, हातात युनिव्हर्सिटीचं इंग्रजी पत्र. वाचून सांगितलं: पदवीपत्रांसाठी हातकागद हवा, नमुना पसंत, करार करू. ऐकून तो खालीच बसला. गिरणीचा कागद आल्यापासून मोहल्ल्यात बाकीच्यांनी धंदा सोडला. हा आणि धाकटा भाऊ करीम तेवढे उरले. म्हणाला, "आता न्हाई बंद पडत, मास्तर."

ता. ९ डिसेंबर
मसुदा आला. रजिस्ट्रारनं पाहिला, आता समिती, मग वकील, मग सिंडिकेट, म्हणजे युनिव्हर्सिटीची वरची कारभारी सभा. समजावताना माझीच दमछाक. "कागद येक, आन् बगनारे इतके?" करीम हसत सुटला.

ता. १७ जानेवारी १९०५
वकिलाचा शेरा. लगदा करीम करतो, हौदातून कागदाचा साचा रहिमान उचलतो; एक नसला तर काम अडेल. सबब करार दोघांच्या नावे, सह्या दोघांच्या. शिवाय समितीला आणखी एक नमुना हवा, जरा जाड. लगद्याला घरात चिंध्या नाहीत. करीम नारायणगावच्या बाजाराला निघाला. तिकडे गाठीचा ताप, प्लेग आहे, मी म्हटलं. "जातो आन् लगीच येतो की, मास्तर."

ता. २५
करीमला ताप. काखेत गाठ. माझ्या कुटुंबाला मुलांसह अवसरीला पाठवलं.

ता. २८
करीम गेला. खांदा द्यायलाही माणसं जमेनात. मोहल्ला रिकामा, साथीच्या भयानं सगळे माळावर झोपड्यांत. शाळा बंद. लिहवत नाही.

ता. ६ मार्च
मंजुरी आली. समिती, वकील, सिंडिकेट, सगळीकडून पार. खाली दोन सह्यांची जागा. झोपडीत जाऊन वाचून दाखवलं. रहिमानभाईनं दुसऱ्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. मग, "त्याचं नाव ऱ्हाऊ द्या. कागदावर तरी ऱ्हाऊ द्या."
मेलेल्याच्या नावे करार होत नाही. सांगावं लागलं.
तेवढ्यात गोणपाटाच्या पडद्याआडून करीमची बायको जैनब बोलली. इद्दतीत, नवऱ्यामागच्या सुतकाच्या मुदतीत आहे, बाहेर येत नाही. "माजं नाव लिवा. लगदा मलाबी येतो. त्यांनीच शिकवला."
"बाईची सही कोन घेईल?" रहिमानभाई माझ्याकडे पाहू लागला. तिचं नाव घालून पत्र लिहिलं. करीमचा मृत्यू इंग्रजीत अर्ध्या ओळीत मावला.

ता. १९ एप्रिल
युनि.चं उत्तर. पक्षकार बदलल्यानं पूर्वीची मंजुरी रद्द. मसुदा पुन्हा समितीकडे, तिथून वकिलाकडे. बाईच्या सहीबद्दल एक अक्षर नाही. नकारही नाही.
"म्हंजी परत पयल्यापासनं," रहिमानभाई म्हणाला. "आमच्या करीमला न्हाई का कुनी परत पयल्यापासनं..." मला तिथं उभं राहवेना. घरी आलो.

ता. २७ जून
लोक माळावरून घरी परतले. जैनबची इद्दत संपली. शाळेतून येताना पाहिलं, तिनं लगद्याचा हौद घासून काढला होता आणि आडाचं पाणी आणून भरत होती. रहिमानभाई ओट्यावर.
"आलं काय, मास्तर?"
"नाही अजून."
तिनं ऐकलं. हातातली घागर हौदात रिती केली, पदर सावरला आणि पुन्हा आडाकडे गेली. रहिमानभाई जागचा हलला नाही. पण नको, असंही म्हणाला नाही.