दुन्या आणि आरपार वारा

३ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ७.१०
स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीत कापूस भरत होतो. आमची लेक दुन्या आज चौपन्न दिवसांची. आरपार वाऱ्याने बाळाचे कान ठणकतात, मान आखडते. आमच्या निश शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बायको, तियाना, रोज रडते, म्हणून आजपासून तिची थेरपी. मी फक्त आधार देणार.

त्याच दिवशी, दुपारी २
थेरपिस्ट बिलियानाबाई. आईबापांचं बाळाशी कसं जुळतंय याचा व्हिडिओ घेतात. खोलीची खिडकी उघडी आणि समोरच दार! लगेच लावली. कडी सैल, म्हणून शेवटपर्यंत दाबून धरली. बाईंनी विचारलं, तुम्ही हिला कधी घेता? म्हटलं, तिने मान धरली की लगेच.

१० नोव्हेंबर
दुसरं सेशन. खिडकी धरली. संकल्प: रोज संध्याकाळी सहाला बाळाला दहा मिनिटं घेणे.

१५ नोव्हेंबर
बुधवारी हात गार होते. गुरुवारी ती झोपलेली. शुक्रवारी जागी होती, पण रडत होती. अशात घेतलं तर तिच्या मनात माझी भीती बसेल. काल सासूबाई म्हणाल्या, अहो जावईबापू, पोर आहे ते, बॉम्ब नाही! त्यांचं याविषयी वाचन नाही.

१७ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. तियाना दोनदा हसली. प्रगती. माझी पाठ दिसते, अकरा मिनिटं. बाई म्हणाल्या, दुन्या त्या पाठीकडे बघतेय. नोंद केली: नजर उत्तम.

२४ नोव्हेंबर
बाईंनी नवी कडी बसवली. तरी मी हात ठेवला. बाई उठून आल्या, म्हणाल्या, खिडकी मी धरते, तुम्ही हिला धरा. तियानाने दुन्याला पुढे केलं. मी म्हटलं, फोन वाजतोय. वाजत नव्हता. सहा मिनिटं जिन्यात उभा होतो. जिन्यात भयंकर वारा.

१ डिसेंबर, रात्री
तियानाला आता यायची गरज नाही, असं बाई म्हणाल्या. मी अभिनंदन केलं. मग म्हणाल्या, मंगळवारची वेळ तशीच ठेवलीय. तुम्ही आणि दुन्या, दोघंच या.
बसमध्ये तियानाने विचारलं, अरे, तुला ती नकोय का? म्हटलं, माझ्या हातून पडली तर? ती दुन्याची टोपी सारखी करत राहिली. फार थकलोय.

पाच सेशन, प्रत्येकी तीन हजार: भरले पंधरा हजार दिनार.
पुढची सहा: देणं अठरा हजार.
पावतीवर पेशंट म्हणून माझं नाव आहे. पाचही पावत्या काढून पाहिल्या. पहिल्यापासून माझंच आहे.