चार ओळींचा ऑर्केस्ट्रा

१४ जानेवारी १९७३, रविवार

उपासना आटोपली. सगळी आळी गड्ड्याच्या जत्रेला गेली, आम्ही घरात. सुमनचा सराव चुकता कामा नये असा दादाचा हुकूम. पोरगी अठराची, तिला पाळण्यात बसायचं होतं. मी म्हटलं, "एक दिवस सोड की तिला. तुझीच लेक आहे, कैदी नव्हे." दादा म्हणाला, "एप्रिल कुठं लांब हाय?"

शेजारची नरसम्मा घागरभर पाणी मागायला आली आणि ऐकत उभी राहिली. कशाची एवढी तयारी, म्हणून विचारलं. सांगितलं, मुंबईला कॉन्चेर्टो वाजवायचाय. सुमन एकटी पुढे व्हायोलिन घेऊन, मागे सगळा ऑर्केस्ट्रा.

"मागं किती माणसं?"

चाळीस-पन्नास.

"आन् ही एकटीच? समदी तिचं ऐकतेत व्हय?"

ऐकतात म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक. सोलापुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे मी आणि शाळेचा पियानो.

२० जानेवारी, शनिवार

मुंबईहून ऑर्केस्ट्राच्या कंडक्टर साहेबांचं कार्ड. नोव्हेंबरात पुण्याच्या चर्चमध्ये त्यांनी सु.ला ऐकलं तेव्हापासूनचं हे सगळं. १४ एप्रिलला नव्या मुलांचा कार्यक्रम, त्यात सु.ला ऑर्केस्ट्राबरोबर उभं करणार. चांगलं झालं तर तिथेच चांगला शिक्षक, होस्टेल, सगळं ते बघणार. नाही झालं तर मिशन हॉस्पिटलातला नर्सिंगचा कोर्स आहेच. तिथली जागा मिळाल्यात जमा. सु.ला रक्त बघितलं की घेरी येते.

कार्डात विचारलंय, कॉन्चेर्टोची कोणती एडिशन वापरता? दादा हसला. म्हणाला, "एडिशन कसली? कॉन्चेर्टो एकच असतो. बायबल एकच असतं तसा."

म्हटलं, बायबलच्या दोन आवृत्त्या आपल्याच कपाटात आहेत, आणि जुनी की नवी यावरून तू गेल्या वर्षी पाळकसाहेबांशी भांडला होतास. यावर त्याला खोकला आला. उत्तर पाठवलं: जुनी जर्मन, उत्तम स्थितीत.

कसली उत्तम. शिवण चार वेळा मीच घातली आहे. मिशनच्या बोर्डिंगात असताना तिथल्या मिसबाईंनी दादाला व्हायोलिन शिकवलं आणि अमेरिकेला परत जाताना हे पुस्तक दिलं. स्वरांच्या डोक्यावर बोटांचे आकडे छापलेत. दादा ते आकडे आज्ञेसारखे पाळतो. गिरणीत कार्डिंग खात्यात कापूस पिंजण्यात आयुष्य काढलं, घरी येऊन हेच वाजवलं. आता छातीत कापूस भरला, गज ओढला की दम लागतो. म्हणून स्वतः वाजवत नाही. स्टुलावर बसतो आणि सु.ला कुठे सुरू व्हायचं ते मानेनं सांगतो.

४ फेब्रुवारी, रविवार

आज जे ऐकलं ते अजून डोक्यात शिरत नाही.

गिरणीच्या इंजिनिअर साहेबांच्या बानूबाईंकडे या कॉन्चेर्टोची रेकॉर्ड आली. त्यांनी तिघांनाही बंगल्यावर बोलावलं. चहा, केक, आणि या दुष्काळातही पाण्याचा ग्लास मागेल त्याला. सुरुवात अगदी आपलीच. सु.ची बोटं मांडीवर चालली होती. मग मधली जागा आली, जिथे व्हायोलिन थांबतं आणि ऑर्केस्ट्रा एकटा वाजवतो. आमच्या पुस्तकात त्या चार ओळी. मी त्या इतक्या वर्षांत इतक्यांदा वाजवल्यात की हात आपोआप जातात. चार ओळी झाल्या. सु.नं दादाकडे बघितलं. दादानं मान हलवली.

रेकॉर्डमधलं व्हायोलिन सुरू झालंच नाही.

ऑर्केस्ट्रा वाजवतच राहिला. मला वाटलं सुई अडकली. पण स्वर पुढे पुढे जात होते, मी कधीही न ऐकलेले, आणि फार सुंदर होते. ते सांगायलाच हवं. केवढ्या तरी वेळानं आमच्या चौथ्या ओळीच्या शेवटचेच स्वर परत आले आणि व्हायोलिन उठलं.

दादा म्हणाला, "रेकॉर्डवाल्यांनी भरती केली. बाजू भरायची असती त्यांना." बानूबाईंनी सुई उचलून ठेवली. दादा केक तसाच टाकून उठला. वाटेत सु. हळूच म्हणाली, आत्या, आपलं पुस्तक खोटं आहे का?

१७ फेब्रुवारी, शनिवार

मुंबईच्या दुकानाला लिहिलं होतं, आज उत्तर. या कॉन्चेर्टोची व्हायोलिन-पियानोची पुस्तकं निरनिराळ्या प्रकाशकांची येतात, बहुतेकांत ऑर्केस्ट्राचा भाग कमी-जास्त कापलेला. पियानोवाला एकटा किती वेळ ठोकणार, म्हणून व्हायोलिन गप्प असेल तिथलं गुंडाळून टाकतात. पूर्ण ऑर्केस्ट्राचं नोटेशन विकायला नसतं. परदेशातून भाड्यानं येतं, तेही कार्यक्रमाच्या तोंडावर. आयातीचं तर विचारू नका.

म्हणजे पुस्तक खोटं नाही. घरात बसून वाजवणाऱ्यांसाठी ते बरोबरच आहे. ऑर्केस्ट्रापुढे उभं राहणाऱ्यासाठी नाही. पण कापलंय असं एका ओळीत छापायला यांचं काय जात होतं? राग कुणावर काढावा ते कळेना. वर्गात मुलींवर काढला.

दादाला पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, दुकानदार हाय, नवीन पुस्तक खपवायचं असंल. म्हटलं, अरे ते खपवायला नाहीच म्हणतोय की. दादा खिडकीकडे तोंड करून बसला.

मिसबाईंनी त्याला फसवलं असं त्याला वाटतंय का? तसं वाटत असेल तर फार वाईट.

४ मार्च, रविवार

रोज संध्याकाळी शाळा सुटली की बंगल्यावर. बानूबाई सुई उचलतात, ठेवतात, मी ऐकून लिहिते. ऑर्केस्ट्रातलं सगळं कुठलं लिहिणार, वरचा सूर आणि खालचा, एवढं जमलं तरी पियानोवर उभं राहील. वीज गेली की दोघी अंधारात बसतो. बाईंची रेकॉर्ड त्या जागी झिजणार. त्या म्हणाल्या, झिजू द्या. चांगली बाई.

कान वयानं मंद झालेत हेही कळलं.

१८ मार्च, रविवार

पानं पुरी झाली. शाळेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा आख्खं वाजवलं. दादा स्टुलावर.

सु. मधल्या जागेला आली, थांबली. मी माझी पानं सुरू केली. जुन्या चार ओळी संपायच्या त्या जागेशी आले तसा तिचा हात वर गेला आणि ती सुरू झाली. पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी पियानोवरून मान वळवून बघितलं. दादा मान हलवत होता.

"दादा, मान हलवू नकोस."

"मी कुठं हलवली?"

खरंच त्याला माहीत नाही. इतकी वर्षं त्या जागी मान हलली आहे, ती आता त्याला विचारून हलत नाही. पुढच्या वेळी त्यानं हनुवटी मुठीत धरून ठेवली. तरी डोळ्यांनी केलंच. आणि सु. त्याच्याकडे न बघता वाजवायला कधी शिकलेलीच नाही. लहानपणी चुकली की छडी नव्हती, रागावणं नव्हतं, नुसती ती मान थांबायची. पोरगी तेवढ्यानं रडायची.

सोमवारपासून दादा गिरणीत असताना सराव करायचा ठरवलं. दोघींनीच. त्याला न सांगता.

१ एप्रिल, रविवार

दोघीच असतो तेव्हा बरोबर जातं. रोज. आता ती माझ्या पानांतला सूर गुणगुणतेसुद्धा.

मुंबईला दादा जाणार. माझ्या शाळेच्या परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात, रजा नाही. मी मुख्याध्यापिकाबाईंसमोर रडले. माझ्यासारखी बाई रडते म्हणून त्यांनाच कसंनुसं झालं, पण रजा नाही. दादाला म्हटलं, तू तिकडे हॉलमध्ये मागे कुठेतरी बस, लांब. तो म्हणाला, "बाप हाय मी. मागं कशाला बसू?"

१६ एप्रिल, सोमवार

आले. सकाळच्या गाडीनं. सु. पाय धुऊन झोपली. झोपली म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडली.

दादाकडून जे कळलं ते: कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एकच तालीम. दादा पहिल्या रांगेत. तालमीत त्याला खोकला आला. साहेबांनी त्याला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. संध्याकाळी सु.चं नाव कार्यक्रमात नव्हतंच.

"माझ्या खोकल्यापायी," दादा म्हणाला. "रुमाल कोंबला होता गं तोंडात. न्हाय थांबला." एवढंच म्हणतो, परत परत. मी त्याला कधी असा बघितला नव्हता. वहिनी गेली तेव्हाही नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

नळाच्या रांगेत सु.नं सांगितलं. घागरी पुढे सरकवत, माझ्याकडे न बघता.

मधली जागा आली, ऑर्केस्ट्रा सुरू झाला. "मला सगळं माहीत होतं आत्या. मी मोजत होते. बाबांनी मान हलवली आणि हात वर गेला." ऑर्केस्ट्रा थांबला. कुणीतरी हसलं. पुन्हा सुरू, पुन्हा तेच. साहेबांनी ती कुठे बघते ते बघितलं. मग दादाजवळ गेले, नम्रपणे म्हणाले, आपल्याला खोकल्याचा त्रास होतोय, बाहेर मोकळ्या हवेत बसा.

तिसऱ्यांदा तिनं शेवटपर्यंत वाजवलं. एक चूक नाही. वाजवणाऱ्यांनी गजांनी स्टँड ठोकून शाबासकी दिली. पण वेळ संपली होती, पुढचा भाग बसवायचा राहिला, संध्याकाळी धोका नको म्हणून नाव काढलं. निघताना साहेब तिला म्हणाले, डिसेंबरात पुन्हा कार्यक्रम आहे. ये. एकटी ये.

"बाबांना सांगितलंस?"

"काय सांगू? खोकल्यामुळं नव्हे, तुमच्यामुळं, असं?"

तोवर आमचा नंबर आला. नळाला धार करंगळीएवढी होती.

२२ एप्रिल, रविवार. ईस्टर

दादा उपासनेला आला नाही. खोकला येईल म्हणाला. आजवर एक ईस्टर चुकवला नव्हता त्यानं. मी ऑर्गनवर होते, गीतांत दोनदा चुकले.

१३ मे, रविवार

दादानं खोकल्याशी वैर धरलंय. विडी तर आधीच सुटली होती, आता ताक बंद, केळं बंद. अडुळशाचा काढा, वाफारा. गिरणीत खातं बदलून मागितलं, मिळालं नाही. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, छातीतलं जे गेलंय ते परत येत नाही, आहे ते जपा. दादाला हे सांगायला मला सांगितलं. सगळ्यांना वाटतं मी सांगेन.

घरी येऊन तो म्हणाला, "डिसेंबरपत्तोर बसवतो खोकला. मग बघू कोण भाईर काढतंय." डिसेंबरचं त्याला सु.नं सांगितलंय. एकटीचं नाही सांगितलं.

सु. भाकरी करत होती. जळली.

२ जून, शनिवार

नर्सिंगच्या जागेचं पत्र. घेणार की नाही, पंधरा तारखेच्या आत कळवा, नाहीतर दुसरीला देऊ.

सु.ला म्हटलं, डिसेंबरचं सांगून टाक दादाला. मी सांगू का? म्हणाली, नको. मी चिडले. म्हटलं, मग जन्मभर बेडपॅन धुवायची आहेत का तुला? फार घाण बोलले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यांना वाटतंय खोकला बरा झाला की सगळं बरं होईल. तेवढ्यावर ते उठून बसतात. तेच काढून घेऊ?"

  दादाचा राग येतो, आणि रात्री त्याचा श्वास ऐकू आला की माझाच राग येतो.

१० जून, रविवार

दुपारी दादा म्हणाला, आज हॉलवर मी येतो. किती दिवस ऐकलं न्हाय.

चालत आला, दोनदा टेकला. स्टुलावर बसला. रुमाल हातात घट्ट. सु.नं व्हायोलिन लावलं, मी माझी पानं पियानोवर मांडली. पहिला भाग तिनं असा वाजवला की मी पान उलटायचं विसरले. दादा खोकला नाही. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण खोकला नाही.

मधली जागा आली. तिनं व्हायोलिन खाली घेतलं. मी सुरू केलं. चार ओळींच्या जुन्या जागेशी आले आणि बघितलं, दादाची मान हलली.

सु.नं व्हायोलिन हनुवटीला लावलं आणि सुरू झाली.

चुकून नव्हे. ती दादाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी माझी पानं तिथेच सोडली आणि तिच्याबरोबर गेले. तसंच शेवटपर्यंत वाजवलं, जुन्या पुस्तकाप्रमाणे. संपलं तेव्हा दादा म्हणाला, "खोकलो का? सांग, एकदा तरी खोकलो का?" आणि हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

परतताना तो नरसम्मालाही सांगत होता, "डिसेंबरला जातोय आमी दोघं." ती म्हणाली, "जावा की."

संध्याकाळी सु.नं दोन पाकिटांवर पत्ते लिहिले. एक हॉस्पिटलचं, एक मुंबईचं. दोन्ही माझ्या पर्सजवळ ठेवली. चिकटवलेली नाहीत. आत कागदही नाही, मी बघितलं. कुठे हो, कुठे नाही, ते मीच लिहायचं.

उद्या सोमवार. पोस्ट दहाला उघडतं.