वसंतकाकाचा ताप

४ नोव्हें., उंद्री
सुट्टीला घरी आले. दारातच आईचं ठरलेलं, आधी अंघोळ, मग स्वैपाकघर. आठ दिवसांत एकाही डुकराला हात लावला नाही, पण सांगून काय उपयोग. डुकरांवर संशोधन करते म्हणायची तिला लाज; शेजाऱ्यांना अजून सांगते, पोरगी गाईंवर संशोधन करते. मीही मान डोलावते. स्वतःचीच चीड येते.

६ नोव्हें.
दादाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, चिखलीला. जेवताना त्यावरून वसंतकाकाचा विषय निघाला. बाबांचा धाकटा भाऊ, अपेंडिक्सच्या ऑपरेशनात गेला, एवढंच ठाऊक होतं. आज बाबा बोलले : "भूल देल्ली अन् जबडाच मिटला. आंग असं तापलं का हात ठेववे ना."
घास तसाच राहिला. गाडीत चढवताना घाबरून ताठलेलं, तापून मेलेलं संकरित डुक्कर मी पाहिलंय.

७ नोव्हें.
पाच वर्षं माणसाच्या जनुकांचा नकाशा समोर ठेवून डुकराचे जनुक शोधतेय. माणसाच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा तुकडा डुकराच्या सहाव्यावर सापडतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट. त्यातला एक जनुक बिघडला की डुक्कर धसक्याने तापून मरतं, माणूस भुलीने; आणि हा बिघाड रक्ताच्या नात्यात उतरतो. हा शोध माझा नाही, जुना आहे. काकाचं तेच झालं अशी खात्रीही नाही. पण डॉक्टरला सांगायला नको?
दादाला सांगितलं.
"डुकराच्या रगतात आपल्या काकाले शोधून राह्यली तू, रूपाली?"
ताट सरकवून उठला.

९ नोव्हें.
वहिनीने दवाखान्याचा फॉर्म दाखवला. घरात कुणाला भुलीचा त्रास? दादाच्या अक्षरात : नाही. खाली साक्षीदार म्हणून बाबांची सही. बाबांची!
मीच भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, पूर्ण भूल नको, कमरेत इंजेक्शन देऊ.

१२ नोव्हें.
ऑपरेशन झालं. दादा खाटेवरून, सगळ्यांसमोर : "पाह्यलं? काय झालं मले?"
काही होऊ नये म्हणूनच तर... जाऊ दे. आई म्हणाली माफी माग, डॉक्टरासमोर त्याची इज्जत घालवली. मागितली. अजून जळफळाट होतोय.

२ डिसें., लॅब
डुकरांच्या रक्ताच्या दोन नमुन्यांत तो बिघाड सापडला. सरांनी चहा पाजला. डुकरांच्या मालकाने न विचारताच सांगितलं होतं, हिची मायबी गाडीतच मेली, तिची बहीणबी. डुकरांच्या घराण्याची माहिती मला पूर्ण मिळते.

१९ डिसें.
वहिनीचा फोन, दबक्या आवाजात. परीचे टॉन्सिल काढायचेत. सहा वर्षांची भाची माझी. "ताई, त्या बिमारीचं नाव सांगा, मी लिहून घेतो." टॉन्सिलला कमरेतलं इंजेक्शन चालत नाही, पूर्ण भूलच लागते. अक्षर न् अक्षर सांगितलं.
दवाखाना कोणता विचारलं.
"मलेच नाही सांगितलं त्यायनं. म्हने, रूपालीले कळन."
फॉर्म कोण भरणार?
"तेच."
तुम्हीच डॉक्टरांना तोंडाने सांगा म्हटलं. मग मागून दादाचा आवाज, आणि फोन बंद.
ऑपरेशन शुक्रवारी. चिखली, बुलढाणा, दोन्हीकडच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यांची यादी केली. पहिल्याला फोन लावला. उचलत नाहीत.