अर्धं वृंदावन

पनवेल, मार्च १९५४

गोदू विहीणबाई,

म्हातारपणी माणसं नावगाव विसरतात, तू तर स्वतःचा हातच विसरलीस! "बिनगोंदल्या पोरीच्या हातचं आमी नाय खानार, लग्नाआधी गोंदून घ्या," असा निरोप उलव्याहून धाडलास. तुझ्या घरात सून म्हणून येणारी माझी नात शकू म्हणते, मी नाही गोंदणार. तिलाच हे लिहायला बसवलंय, मला अक्षर कुठं येतं!

आठवतं, पनवेलच्या बाजारात आपण दोघी पोरी गोंदणारणीपुढे बसलो होतो? माझं तुळशीवृंदावन पुरं झालं. तुझ्या वृंदावनाचा नुसता पाया झाला आणि तू अशी पळालीस, की ती बाई सुया घेऊन मासळीबाजारापर्यंत मागे धावली. तुळस काही उगवली नाही. चाळीस वर्षं कोपरापर्यंत बांगड्या भरून ते झाकतेस, आणि सगळं घर तुझ्याच हातचं जेवतं. कुणाला बाधलं?

शकू, हसू नकोस, लिही.

नको, थांब. गोदूलाही वाचता येत नाही. टपालवाला हे ओटीवर, तिच्या सुनांसमोर मोठ्यानं वाचेल. इतकी वर्षं मी तिचं झाकलं, आता उघडं करू? हा कागद माझ्या ट्रंकेत टाक. नवं कार्ड घे आणि एवढंच लिही:

"गोदू, शकू गोंदणार नाही. लग्न मोडायचं असेल तर आधी इथं ये, तिच्या कोऱ्या हातचं कालवण माझ्या शेजारी बसून खा, मग बोल.

तुझ्या बांगड्या ओळखून असलेली,
भामा

कालवणाला सुक्या कोळंबीचे सोडे मात्र आदल्या दिवशी पाठव. शेरभर, आणि निवडलेले."