धुरकट ठिपके

मॅडम, आज सकाळी सुदामा नगरातल्या एका प्रतिष्ठित, करदात्या बाईची बादली भर गल्लीत नाकारण्यात आली. ती बाई मी. कचरागाडी रोजच्यासारखी भोंग्यावर गाणं वाजवत दारात आली. गाडीवरच्या दीदीने माझ्या ओल्या कचऱ्यात डोकावून पाहिलं आणि लिंबाच्या सालींखालून दुधाची रिकामी पिशवी चिमटीत धरून वर काढली, खिसेकापूला कॉलर धरून काढावं तशी. म्हणाली, "मॅडम, गीले में पन्नी है." समोरच्या बाल्कनीतले काका पेपर बाजूला ठेवून बघत होते. एवढ्या अपमानावर खरं तर राजवाड्यासमोर उपोषणाला बसायला हवं होतं, पण गुडघे दुखतात.

मग मी तोंड उघडलं आणि त्यातून तुम्ही बाहेर आलात. "आंखें हैं कि बटन? तुम्हारी ही गाड़ी से उड़ के आई होगी." शब्द हिंदी, पण ती बटणं तुमची. तो आवाज, ते भुवई वर नेणं, सगळं तुमचं. दीदीने पिशवी सुक्या कचऱ्यात टाकली, बादली रिकामी करून पायरीवर उलटी ठेवली आणि गाडीवर चढली. मी दारातच उभी राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही माझ्याच घशातून बोललात. 

ती बटणं पहिल्यांदा ऐकली ती कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये, तुम्ही आम्हाला शिकवत होतात तेव्हा. जिवाणूंवर विषाणू सोडून आम्ही प्लेटा रात्रभर ठेवल्या होत्या. सकाळी बघते तर जिवाणूंच्या पांढुरक्या सायीत गोल ठिपके पडलेत. काही काचेसारखे लख्ख, काही मधोमध धुरकट. शहराला स्वच्छतेचं वेड लागायचं होतं, मला आधीच लागलेलं. धुरकट ठिपक्यांच्या प्लेटा खराब समजून मी जंतुनाशकाच्या बादलीत बुडवते आणि लख्ख तेवढ्या तुमच्यापुढे ऐटीत मांडते. तुम्ही बादलीकडे बघता, मग माझ्याकडे. "डोळे आहेत की बटणं? लख्ख दिसतंय तिथे सगळे मेलेत. धुरकट होतं, तिथे कोणीतरी जगलं होतं."

मग नागपुरी हेल काढून, वर्गाला नाही, मला एकटीला समजावल्यासारखं सांगितलंत. काही विषाणू आत शिरतात, स्वतःच्या प्रती काढतात आणि घर फोडून निघून जातात. काही मात्र आत गेल्यावर गप्प बसतात. त्यांच्या आणि जिवाणूच्या डीएनएत एक छोटासा तुकडा अगदी सारखा असतो. नेमक्या त्या जागी दोन्ही साखळ्या कापल्या जातात आणि एकमेकींत जोडल्या जातात. पाहुणा घराच्या भिंतीतच चिणला जातो. जिवाणू दुभंगला की त्याचीही प्रत निघते, पिढ्यान् पिढ्या. त्याचंच एक प्रथिन त्याला झोपवून ठेवतं आणि तसल्याच दुसऱ्या विषाणूला आत डोकं वर काढू देत नाही. जिवाणूला घाव बसला, अतिनील किरणांचा म्हणा, की मात्र तो जागा होतो.

लोक माझ्या लेखांतल्या जिभेचं कौतुक करतात. संपादक म्हणतो, भिया (इथे बाईलाही भियाच म्हणतात), क्या काटती हो. मी हसते, आणि आतून विचारते, हे मी लिहिलं की मॅडमनी? कोणाची टीका मला लागत नाही, कारण त्याहून जहाल टीका आत आधीच बसलेली आहे. आईचं नाक मिळालं, ते समजू शकते. पण तुम्ही ना नात्याच्या ना गोत्याच्या. मग तुमची वाक्यं वजा केली तर माझ्यात माझं काय उरतं? आज दीदीचा तो गप्प चेहरा पाहिल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

इथे लिहिणं थांबवलं होतं. रात्र गेली. सकाळी भाकरी थापताना हात थांबला.

बटणांच्या त्या दिवशी दुपारी तुम्ही मला लॅबबाहेरच्या बाकावर बोलावलं होतंत. साबणाने हात धुवायला लावलेत. भाकरीचे दोन भाग केलेत, एक डब्याच्या झाकणावर ठेवलात, वर लसणाची चटणी, आणि झाकण माझ्याकडे सरकवलंत. बोललात काहीच नाही. ज्याला ओरडलात त्याला त्याच दिवशी अर्धी भाकरी, हा तुमचा शिरस्ता होता. मी बटणं उचलली. भाकरी विसरले.

आणि मॅडम, जीभ तर तुम्ही भेटायच्या आधीपासून अशीच होती. घरी विचारा कुणालाही. तो आपल्या दोघींतला सारखा तुकडा होता, जोडणीची जागा. तुमचं म्हणून जे आत शिरलं, ते त्याच्या पलीकडे कुठेतरी झोपलेलं होतं.

गाडी आली. मी झाकणावर अर्धी भाकरी आणि चटणी घेऊन पायऱ्या उतरले. दीदीने झाकणाकडे पाहिलं, ओल्या कचऱ्याचं दार उघडलं आणि हात पुढे केला. म्हणाली, "लाओ, गीले में डाल दूं."

माझं लाजेने पाणी पाणी झालं. म्हटलं, "नहीं दीदी, आपके लिए है. आधी आपकी, आधी मेरी."

तिने हातमोजे काढले, आमच्या नळावर हात धुतले, एक तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला. "तेज है," म्हणाली. मग उरलेली भाकरी रुमालात बांधली आणि झाकण धुऊन परत दिलं.

काल 'तुम्ही बोललात' असं वर लिहिलंय, ते मी खोडत नाही, पण ते खरं नाही. काल मीच बोलले होते. तुम्ही आज आलात, आणि आजही काही बोलला नाहीत.