हॅरिंग्टनांतले बोकड

बेआरा, आयर्लंड
१२ मे १९७९

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, पोटभर खाते आहे आणि अंगात स्वेटर आहे. आता खुशाल पुढचं वाचा. तिकडे मोंटानात अजून बर्फ आहे का? गुडघा सांभाळा, एकटे बाहेर पडू नका.

पणजोबांच्या घराचा शोध चार दिवस जागचा हलेना. चर्चच्या वहीत त्यांच्याच नावाचे पॅट्रिक हॅरिंग्टन सतरा! अख्खं गावच हॅरिंग्टन. शेवटी पाद्रीबाबांनी मला हॅनाआजींकडे पाठवलं. वय नव्वद, जीभ विशीतली.

"हॅरिंग्टन काय, माझी कोंबडीसुद्धा हॅरिंग्टन!" त्या म्हणाल्या. "तुमच्या घराण्याला लोक काय म्हणायचे, ते सांग."

मला कुठलं माहीत? मग आठवलं, तुम्ही हट्टाला पेटलात की आपली आजी ओरडायची, "शेवटी बोकडच तू!" लहानपणी मित्रांदेखत ओरडली, तर तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात म्हणे. मी लाजतच सांगितलं.

हॅनाआजी ताडकन उभ्या राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, चहा टाक! बोकडांची पोर आलीय!"

कड्यावर राहायचे, म्हणून बोकड. त्यांनी दाखवलेल्या घराला छप्पर नाही, पण चारी भिंती शाबूत आहेत. मी हात लावून आले.

आज पाव घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "काय बोकडबाई, बरं आहे ना?" मला रडूच फुटलं.

बाबा, ज्या हाकेपायी तुम्ही उपाशी राहिलात, तीच आपल्या घराचा पत्ता होती.

तुमची, आणि आता गावभर बोकडांची,
नोरा