दक्षिणेच्या दारांची ओळ

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

फळा पुन्हा रंगवला. 'चिठ्ठी'ची शेवटची वेलांटी काल ऱ्हस्व पडली होती. कोणी काही म्हणालं नाही, पण मला जेवण गेलं नाही. आता नियम स्वच्छ दिसतो — 'सगळ्यांनी मिळून सगळी घरे बांधायची. कोणाला कोणते घर, ते शेवटी चिठ्ठीवर ठरेल.'

धावजी मिस्त्री खालून म्हणाले, "मुनशी, फळ्याले रंग देऊन राह्यला, भिंतीले कोण देईन?" हजेरी आणि मोजमाप लिहितो म्हणून ते मला मुनशीच म्हणतात. नववी नापास मुनशी!

घरं उभारणाऱ्या संस्थेचा हा नियम मला फार आवडतो. आपलं घर कोणतं हेच माहीत नाही, म्हणून कोणी कोणत्याच भिंतीत सिमेंट कमी घालत नाही. कापसाच्या जिनिंगची पाळी संपली की बाया-माणसं इथं येतात, डोक्याच्या केसांत रुई तशीच असते. घमेली उचलतात. आईसुद्धा येते. तिला रुईने खोकला धरलाय, तरी येते. म्हणते, "किरायाच्या खोलीत खोकलं की घरमालकीण भिंत ठोकते. आपल्या घरात मी मन भरून खोकलीन."

१५ फेब्रुवारी

आज चौकटी बसवल्या. घर कोणाचं ते माहीत नाही, म्हणून प्रत्येक चौकटीला दोन्ही झालं — भगवानरावांच्या लोकांनी हळद-कुंकू लावून नारळ फोडायचा, मग आमच्या लोकांनी त्रिसरण म्हणायचं. धावजी म्हणाले, "एवढ्या आशीर्वादानं चौकट वाकडी होईन, लवकर आटपा!" सगळे हसले. मीही हसलो. ओळंबा मात्र दोनदा धरला.

खालची ओळ झाली. गल्ली ओलांडून वरच्या ओळीशी आलो आणि भगवानराव नारळ हातात धरून थांबले. ते जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर असतात, त्यांचा शब्द चालतो. सूर्याकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं.

"या दाराचं तोंड दक्षिणेले हाय न?"

दोन ओळी समोरासमोर म्हणजे एका ओळीची दारं उत्तरेला आणि दुसरीची दक्षिणेला येणारच. नकाशा तर दिवाळीपासून भिंतीवर लटकलाय! पण कागदावर दिशा कोण बघतो?

नारळ पिशवीत गेला. वरच्या ओळीत फक्त त्रिसरण झालं.

१६ फेब्रुवारी

काम सुरू. सगळे नारळाचं सोडून बाकी सगळं बोलले. हेच वाईट वाटतं.

५ मार्च, रविवार

चहाच्या वेळी भगवानराव माझ्याशेजारी बसले. फार गोड बोलले.

"अश्वजित, तू समजदार पोरगा हायस. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आमच्या घरच्या बाया त्या दारातून पाय आत टाकत नाहीत. तुम्हाले काय, तुम्ही मानत नाही. मंग वरची ओळ तुमच्या लोकांनी घेतली तं कोणाचं काय जाते?"

मी चहा संपवून उठलो. खरंच आम्ही मानत नाही. मग कोणाचं काय जातं? दिवसभर डोक्यात तेच.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गावात नाल्यापलीकडं आपली ओळच होती."

एवढंच. पुन्हा निवडायला लागली.

१९ मार्च

वरच्या ओळीच्या भिंती कोरड्या!

नव्या भिंतीला दोन वेळ पाणी पाजावं लागतं, नाहीतर सिमेंट भुरभुरीत होतं, बोटाने खरवडलं तरी निघतं. इतके दिवस कोणाला सांगावं लागत नव्हतं. ज्याचा हात मोकळा तो बादली उचलायचा. आज खालची ओळ ओलीचिंब, आणि वरच्या ओळीतल्या शेवटच्या घराची भिंत तव्यासारखी तापलेली. हात लावून पाहिला, चटका बसला.

भगवानरावांना विचारलं. "ज्यायले तिथं राहाचं हाय, त्यायनं पाजा."

म्हणजे त्यांनी मनात वाटणी करूनही टाकली! नियम फळ्यावर आहे, भिंतीत राहिला नाही.

मी पाणी मारत होतो तर मागून आई आली. माझ्या हातातली बादली घेतली. "तू तुहं मोजमाप पाह्य."

२२ मार्च

आई सकाळ-संध्याकाळ वरच्या ओळीला पाणी देते. शेवटच्या घराला सगळ्यात जास्त, कारण ऊन तिथंच अधिक. आमच्यातल्या दोघी-तिघी येतात, कधी येत नाहीत. आई चुकत नाही. मी म्हटलं, बरोबर ना, ही घरं शेवटी आपल्यालाच यायची. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मोजमापाकडे परत वळलो.

१ एप्रिल

जिनिंग बंद. यंदा लवकरच. फाटकावर कापसाच्या गाड्याच नाहीत. ज्या आल्या त्या भाव ऐकून परत फिरल्या. आता सगळ्यांचा दिवसभर मुक्काम इथेच. भांडायलाही दिवसभर मोकळे!

आई विहिरीवर होती तर प्रभावतीबाई आल्या. काही न बोलता दोर हातात घेतला आणि पाणी शेंदायला लागल्या. आई भिंतीवर ओतत गेली. प्रभावतीबाई भगवानरावांच्या नात्यातल्या आहेत. दिवाळीच्या आधी त्यांचा नवरा गेला. कर्जापायी कसा गेला, ते आमच्या नेर गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी विचारत नाही.

२३ एप्रिल

संस्थेचे कपिल सर यवतमाळहून आले. मला बाजूला घेतलं. सर चांगले आहेत, मला हे काम त्यांनीच दिलं. म्हणून त्यांचं ऐकणं जास्त जड गेलं.

सर म्हणाले, काही कुटुंबं सोडून जायचं म्हणतात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कोणालाच किल्ली मिळणार नाही. पावसाळा तोंडावर. "दोन माठ ठेवू. एकात वरच्या ओळीच्या चिठ्ठ्या, त्या तुमच्या; एकात खालच्या, त्या बाकीच्यांच्या. फक्त तुमच्या बाजूने कोणीतरी सभेत उठून सांगायला हवं, की आम्हाला चालतं. तू सांग. तुझं लोक ऐकतात."

मी "हो सर" म्हणालो.

का म्हणालो? नाही म्हटलं तर घर जाईल, माझं काम जाईल, आईला पुन्हा ती खोली. हो म्हटलं तर घर मिळेल. नाल्यापलीकडचं.

६ मे

सभेत म्हणायचं वाक्य लिहून काढलं. 'आम्हाला चालते.' दोन शब्द. शुद्ध आहेत. तरी दहा वेळा वाचले.

आईला विचारलं, काय करू. "मले काय विचारतं? उभं तुले राहाचं हाय."

७ मे, रविवार

सभा झाली. अक्षर बिघडतंय.

कपिल सरांनी माझं नाव घेतलं. उठलो. समोर भगवानराव मान डोलवत होते, शाबास म्हटल्यासारखे. आई मागे बायांत बसली होती, पदरात खोकत. मी तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं.

"आम्हाला चालत नाही. आम्ही दिशा मानत नाही, हे खरं. दक्षिणेचं दार चिठ्ठीत आलं तर आनंदाने राहू. पण आमची म्हणून ओळ वेगळी काढाल, तर नाही. माठ एकच ठेवा."

सरांचा चेहरा पडला. भगवानराव उठले, "मंग आम्ही चाललो! यमाच्या दारात लेकरंबाळं घेऊन कोण राहीन?" त्यांच्यामागे आणखी काही उठले. मला वाटलं, झालं. मी सगळ्यांची घरं बुडवली.

तेवढ्यात प्रभावतीबाई बोलल्या. बसल्या जागेवरूनच. आवाजही चढवला नाही.

"भाऊजी, माहा धनी गेला तवा आमच्या घराचं दार पूर्वेले होतं. उगवतीले. तरी आलाच न यम? का दार पाहून वापस गेला?"

त्यांनी पदर सारखा केला.

"वरच्या ओळीतलं घर माह्या चिठ्ठीत आलं तं मी घेईन. ज्याले जाचं असंन त्यानं जा."

भगवानराव उभेच राहिले. मग धावजी मिस्त्री म्हणाले, "बसा न जी. उभ्यानं काय यमाची वाट पाहता?" कोणीतरी हसलं. ते बसले.

माठ एकच.

८ मे

आज वरच्या ओळीला पाणी मारायला एवढे लोक की बादल्या कमी पडल्या! आता कोणाला कोणतं घर येईल, सांगता येत नाही ना. धावजी म्हणतात, "आता पाजून काय फायदा, भिंती कवाच्याच पक्क्या झाल्या."

१४ मे

चिठ्ठ्या निघाल्या. माठ मीच धरला होता.

आम्हाला खालच्या ओळीतलं घर आलं. उत्तरेचं दार. एका बाजूला जिनिंगमधले खेमसिंग, दुसरीकडे प्रभावतीबाई. आई घरात गेली, मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने खोकली. मग हसली.

वरच्या ओळीतलं शेवटचं घर भगवानरावांना.

१६ मे

भर दुपारी भगवानराव आले. उंबऱ्याबाहेर उभे. "इंदूबाई, घर बदलून घ्या न. तुम्ही तं मानत नाही."

आई म्हणाली, "घर नाही बदलत, भाऊ. उन्हाचे आले, बसा." पाण्याचा ग्लास पुढे ठेवला.

"पाणी राहू द्या."

"काहून? तुमच्या भिंती सारा उन्हाळा माह्याच हातचं पेल्या."

ते दाराशीच बसले. मग उचलला. अर्धा प्याले आणि खाली ठेवला.

आई म्हणाली, "भिंत अर्धं ठेवत नव्हती."

त्यांनी ग्लास पुन्हा उचलला.